ज्वारीचं वॉफल, वर संत्रा: ग्लुटेनविरहित न्याहारी घरच्या घरी

रविवारी सकाळी नागपुरात न्याहारी म्हणजे तर्री-पोहे, यात वाद नाही. पोहे तांदळाचे, तर्री हरभऱ्याची. माझ्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन शरीराला न सोसण्याचा आजार, असल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, चला, निदान एवढं तरी ताटात राहिलं. मग एक दिवस हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्यात गव्हाचं पीठ निघालं. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तेव्हापासून किराण्याला जाताना पिशवीआधी चष्मा घेते.

वॉफलची, म्हणजे खाचांच्या यंत्रात भाजलेल्या चौकटीदार गोड धिरड्याची, मागणी एका वाढदिवसानंतर आली. तिथे सगळ्या पोरांनी वॉफल खाल्लं, आमच्या बाईसाहेबांनी घरून नेलेला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. तक्रार नाही, रडणं नाही. रात्री झोपताना फक्त म्हणाली, "आई, ते चौकटी-चौकटीचं आपल्या घरी करून पाह्य न." पहिल्या चार रविवारी जे झालं त्याला आमच्याकडे अजून ‘कौल’ म्हणतात. आता जमतं. कसं जमतं ते सगळं लिहिते, पण आधीच सांगून ठेवते: वॉफल भाजणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते पीठ घरात येईपर्यंत त्याला गहू लागू न देणं. म्हणून यंत्राकडे आपण बऱ्याच उशिरा पोचणार आहोत.

आधी चक्की

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं ते प्रथिन, ज्यामुळे कणीक ताणली जाते आणि पोळी फुगते. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. त्यामुळे मैदा, रवा, दलिया, शेवया बाद होतातच, पण सातूचं पीठही बाद, कारण त्यात बहुधा गहू किंवा जव असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही जवापासून होतात. उलट ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, राजगिरा, शिंगाडा, भगर, साबुदाणा या सगळ्यांत ग्लुटेन मुळातच नाही. उपासाचं अख्खं फडताळ आपल्या कामाचं आहे. ओट्सच्या वाटेला मी जात नाही. ते गव्हाबरोबरच पिकतात, वाहून नेले जातात आणि भरडले जातात, शिवाय काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. "मुलाचं पोट दुखतं, महिनाभर गहू बंद करून पाहू का?" तपासणीआधी बंद करू नका. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी शरीराने ग्लुटेनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. गहू आधीच बंद केला तर ती कमी होतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. आधी डॉक्टर, मग वॉफल.

आता चक्की. आमच्या गल्लीच्या टोकाला चक्की आहे आणि चक्कीवाले काका भले गृहस्थ आहेत. मी म्हटलं, ज्वारी वेगळी दळून द्या, गव्हाचा अंश चालत नाही. ते म्हणाले, "काही होत नाही ताई, मी झटकून देतो न." दिलंही झटकून. पण चक्कीच्या दगडांत, तोंडाशी, कापडी नळीत आधीच्या दळणाचं पीठ अडकलेलं असतं. आपली पाच किलो ज्वारी त्याला सोबत घेऊनच डब्यात उतरते. त्या महिन्यात मुलीचं पोट पुन्हा बिघडलं आणि मी तिच्या डब्यापासून शाळेच्या नळापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. भाकरीच्या पिठावर घेतला नाही. भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार ‘ग्लुटेन फ्री’ लिहायला त्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एक किलो पिठात 20 मिलिग्रॅम! चिमटीतलं मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरेल. झटकण्याने भागणारं हे प्रकरण नव्हे.

यावर तीन उपाय. घरघंटी असेल आणि तिच्यात कधी गहू दळलेला नसेल, तर उत्तम. नसेल तर ‘ग्लुटेन फ्री’ छापलेलं पाकीटबंद पीठ आणा, महाग पडतं पण निर्धास्त. तिसरा उपाय माझा: वॉफलपुरतं पीठ मिक्सरवर. ज्वारी ताटात पसरून निवडायची, कारण धान्याच्या पोत्यातही गव्हाचे दोन-चार दाणे भेटतात. मग धुऊन, फडक्यावर कडकडीत वाळवून, एका वेळी एक वाटी मिक्सरमध्ये फिरवायची. मधे दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर भांडं तापतं आणि पिठाला कडवट वास येतो. चाळल्यावर वर राहणारा भरडा टाकू नका. त्याच्या कण्या शिजवा आणि ताकासोबत खा.

चाळणी मात्र नवी आणा. जिच्यातून वर्षानुवर्षं मैदा चाळला तिच्या जाळीतून तो शंभर टक्के निघत नाही. हाच नियम लाकडी पोळपाट-लाटण्याला, लाकडी चमच्याला आणि चरे पडलेल्या नॉनस्टिक तव्याला. आमच्याकडे मुलीच्या वस्तूंना लाल रंगाचा ठिपका लावलाय. सासूबाईंना आधी हा सगळा सोवळ्या-ओवळ्याचा प्रकार वाटला. मग त्यांनीच तो असा काही उचलून धरला की आता मला ओरडा बसतो.

तीन पिठं आणि थोडा जवस

एकाच पिठाचं वॉफल करू नका. नुसत्या तांदळाचं कडक होतं आणि दाताखाली रवाळ लागतं, नुसत्या ज्वारीचं जड आणि कोरडं. माझं मिश्रण असं ठरलंय:

ज्वारी चवीसाठी. पांढरी, ताजी दळलेली. जुनं पीठ कडसर लागतं, मग वर कितीही संत्री घाला.

तांदूळ कुरकुरीतपणासाठी. तांदूळ धुऊन चार तास भिजवा, निथळून कापडावर सावलीत पसरा, हाताला दमट लागत असतानाच मिक्सरमध्ये वाटा आणि चाळा. असं पीठ अगदी मऊसूत निघतं. अनारशाइतके तीन दिवस भिजवायची गरज नाही. लगेच वापरणार नसाल तर ते पुन्हा वाळवूनच डब्यात भरा. मी एचएमटी तांदूळ वापरते, जो आमच्याकडे रोजच्या भाताचा असतो. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करत करत तयार केलं, आणि नाव पडलं ते त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून. सुवासिक चिन्नोर मात्र या कामात वाया घालवू नका, तो खिरीला ठेवा.

आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर हलकेपणासाठी. याऐवजी शिंगाड्याचं पीठही चालतं. भंडारा-गोंदियाच्या तलावांतले शिंगाडे आपल्याकडे येतात आणि त्याच्या पिठाने वॉफलला सुरेख खमंग कडा येते. फक्त ते सुटं घेऊ नका. दुकानात एकच मापटं सगळ्या पोत्यांतून फिरतं.

आणि जवस. विदर्भात जवसाची चटणी नसलेलं घर शोधावं लागेल, पण हाच जवस दळून पाण्यात भिजवला की बुळबुळीत होतो आणि पीठ धरून ठेवतो. ग्लुटेन नसल्याने जी चिकटण्याची ताकद गेली, ती थोडीफार तो परत आणतो. बाहेरच्या पाककृतींत झँथन गम नावाची पावडर सांगतात. मी आणली होती, अजून अर्धी पुडी पडून आहे.

पण खरी युक्ती जवसाचीही नाही, ती भाकरीची आहे. ज्वारीच्या पिठात ताणणारं काही नसतं, तरी आपल्या आया-आज्या त्याची ताटाएवढी भाकर थापतात. कशी? उन्ह पाण्याने. गरम पाण्याने पिठातला काही स्टार्च शिजतो, फुगतो आणि चिकट होतो. चौथं ‘कौल’ फेकून दिल्यावर मी सासूबाईंसमोर हताश बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "थंड पाण्यात भिजवून भाकर होते का कधी?" पाचव्या रविवारी थोडं पीठ दुधात शिजवून घेतलं आणि वॉफल पहिल्यांदा अखंड सुटलं.

चौघांसाठी साहित्य

हे वाट्यांनी मोजू नका, वजन करा. ग्लुटेन नसलेल्या पिठाला दोन-तीन चमचे इकडचे तिकडे झालेले सोसत नाहीत. यातून चार इंची चौकोनी सहा वॉफल होतात.

ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम
तांदळाचं पीठ 80 ग्रॅम
आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम
जवसाची बारीक पूड 10 ग्रॅम
दूध 200 मिलिलिटर
दही 100 ग्रॅम, फार आंबट नको
अंडी 2
पिकलेलं केळं 1, सालाशिवाय साधारण 90 ग्रॅम
पातळ केलेलं तूप किंवा लोणी 60 ग्रॅम
साखर 25 ग्रॅम
बेकिंग पावडर 2 लहान चमचे, खायचा सोडा पाव चमचा
मीठ अर्धा चमचा, वेलची, एका संत्र्याच्या सालीचा कीस

बेकिंग पावडरच्या डब्यावर स्टार्च कशाचा ते बघा. बहुधा मक्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो. ती जिवंत आहे का हे पाहायला चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. फसफसली तर ठीक, गप्प बसली तर नवी आणा. तुपात हात आखडू नका. मीही आधी 30 ग्रॅमवर आणून पाहिलं होतं. वॉफल यंत्राला चिकटलं आणि मऊ राहिलं, तब्येतीला जे काही वाचलं ते भांडी घासण्यात गेलं.

फळ आत कोणतं, वर कोणतं

याचा विचार न केल्यामुळे सगळ्यात जास्त वॉफल बिघडतात. रसाळ फळ पिठात घातलं की ते तापताना पाणी सोडतं, त्या जागी पीठ शिजत नाही आणि वॉफल बरोबर तिथेच चिकटून फाटतं. आत घालायचं तर गराचं, कमी पाण्याचं फळ: केळं, किंवा किसून घट्ट पिळलेलं सफरचंद, किंवा चिकू. केळं सालीवर काळे ठिपके पडलेलं घ्या, त्याचा गोडवा आणि चिकटपणा दोन्ही उपयोगी. मात्र दोन केळी घातलीत तर आतून ओलसर राहील आणि साखरेमुळे बाहेरून करपेल.

संत्रं मात्र वरच. नागपुरात वर्षातून दोनदा संत्र्याचा हंगाम येतो: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडून गाड्या कळमन्याच्या बाजारात येतात, तिथे ढीग लागतात. घरच्यापुरती घ्यायची तर कॉटन मार्केट किंवा गोकुळपेठेत सकाळी जावं. चकचकीत दिसणारं फळ घेऊ नका, हातात वजनदार लागणारं घ्या. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे फुगलेलं मोठं फळ आतून कोरडं निघण्याचा धोका असतो.

संत्र्याचा एक खोडकरपणा मात्र ठाऊक हवा. रस काढला तेव्हा गोड लागतो आणि तासाभराने कडू. फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत असलेला एक घटक रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो आणि तेच कडू असतं. उकळल्यावर हे अजून लवकर होतं. म्हणून तीन पथ्यं: बिया काढल्याशिवाय मिक्सरमध्ये फिरवायचं नाही, रस ऐनवेळी काढायचा, आणि सगळा रस आटवायचा नाही.

वरचा पाक असा. चार-पाच संत्री धुऊन आधी सालीचा फक्त नारिंगी भाग किसून घ्या, पांढरा आला की कडवटपणा आलाच. सोलल्यावर हे जमत नाही, म्हणून किसणं आधी. दोन संत्र्यांच्या फोडी पापुद्रा आणि बिया काढून मोकळ्या करा. हे काम मुलांना द्या, निम्म्या फोडी पोटात जातील हे धरून. उरलेल्यांचा हाताने पिळून साधारण 200 मिलिलिटर रस काढा. त्यातल्या 150 मिलिलिटर रसात 40 ग्रॅम गूळ विरघळवून गाळा, आणि त्यातच दोन लहान चमचे आरारूट थंड असताना कालवा. मंद आचेवर ढवळत राहा. पाक पारदर्शक होऊन चमच्याच्या पाठीला चिकटला की लगेच उतरवा. कोमट झाल्यावर उरलेला ताजा रस, थोडा कीस आणि फोडी घाला. ताज्या रसाचा वास टिकवायचा तर तो आचेवर चढवायचाच नाही.

सीताफळाचं याहून नाजूक. तापवलं की गर कडवट होतो, त्यामुळे पिठातही नाही आणि पाकातही नाही. दही रात्रभर टांगून चक्का करा, सकाळी त्यात गर आणि थोडी साखर फेटा, आणि वॉफलवर गोळा ठेवा. दसरा-दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे संत्र्यापेक्षा याचीच मागणी जास्त असते. मे महिन्यात आंबा, जूनमध्ये जांभळं, आणि दोन्हींच्या मध्ये नागपूरच्या उन्हात काहीच मिळत नसेल तर केळं आणि गूळ-तूप.

कृती

मी शनिवारी रात्री पिठं आणि जवसपूड मोजून एका डब्यात भरून ठेवते. सकाळी झोपेत मोजलं की हमखास चुकतं.

एका लहान गंजात 120 मिलिलिटर दूध घ्या. मोजलेल्या ज्वारीच्या पिठातले भरगच्च तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम, थंड दुधातच कालवा म्हणजे गाठी होणार नाहीत. मंद आचेवर ढवळा. दोन-तीन मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट होऊन बुडबुडे येतील. उतरवून उरलेलं 80 मिलिलिटर दूध आणि दही त्यात घाला, म्हणजे ते आपोआप कोमट होईल. बोट घालून बघा. गरम लागत असेल तर थांबा, नाहीतर पुढच्या पायरीला अंड्याची भुर्जी होईल.

आता कुस्करलेलं केळं, साखर, मीठ, अंड्यांचा बलक, तूप, वेलची आणि संत्र्याचा कीस घालून फेटा. उरलेली पिठं आणि जवसाची पूड घाला. मैद्याच्या पाककृतीत ‘हलक्या हाताने, फार ढवळू नका’ असं बजावलेलं असतं, कारण ढवळण्याने ग्लुटेन ताठ होतं. आपल्याकडे ताठ व्हायला ते आहेच कुठे? खुशाल घोटा, एकही गाठ ठेवू नका.

मग झाकण ठेवून 30 मिनिटं विसरा. ही पायरी गाळू नका. तांदूळ-ज्वारीचे कण दूध पिऊन फुगायला वेळ घेतात. न भिजलेलं पीठ दाताखाली रेतीसारखं लागतं, आमचं पहिलं कौल तसंच झालं होतं. एप्रिल-मेमध्ये, पारा 44-45 अंशांवर असताना, हे भांडं फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवलंत तर दही तेवढ्यात आंबतं.

अर्ध्या तासाने मिश्रण भज्यांच्या पिठाहून जरा सैल आणि इडलीच्या पिठाहून जरा घट्ट असावं. पळीतून पडताना सलग जाड धार पडली पाहिजे. घट्ट असेल तर चमचा-चमचा दूध घाला. आता यंत्र तापत ठेवा, आणि तापत असताना अंड्याचा पांढरा भाग फेस उभा राहीपर्यंत फेटा. बेकिंग पावडर आणि सोडा मिश्रणात घालून एकसारखं करा, शेवटी पांढरा फेस सराट्याने खालून वर अलगद मिसळा. आता मात्र हात हलका. इतका वेळ पिठाला घोटलं, आता हवेला जपायचं आहे. सोडा पडल्यावर वाट पाहू नका, लगेच भाजायला घ्या.

यंत्र कोणतं? घरगुती विजेचं पुरतं. त्यात पूर्वी मैद्याचं वॉफल झालेलं असेल तर ते या कामाला नको, खाचा कितीही घासल्या तरी. कुणाकडून उसनं आणू नका, हे अनुभवाने सांगते. गॅसवर ठेवायचा साचाही मिळतो, तो दोन्ही बाजूंनी उलटत भाजावा लागतो. आणि यंत्रच नसेल तर याच पिठाचे आप्पेपात्रात आप्पे करा. चौकटी येणार नाहीत, चव तीच.

यंत्राचा दिवा ‘तयार’ म्हणाला तरी आणखी दोन मिनिटं तापू द्या. ब्रशने वर-खाली तूप लावा, खाचांच्या कडांनाही. मधोमध पळीभर मिश्रण ओता, कडेला बोटभर जागा सोडून. ते स्वतः पसरतं. झाकण लावा आणि हात मागे घ्या. वाफ भसाभसा येत असेपर्यंत आत पाणी आहे. वाफ जवळपास थांबली की वॉफल झालं. मैद्याचं तीन-चार मिनिटांत होतं, याला पाच-सहा लागतात. झाकण उचलताना अडलं तर ओढू नका. ते ‘अजून नाही’ म्हणतंय. अर्ध्या मिनिटाने पुन्हा विचारा. मधेच उघडलं की वॉफलचे वर-खाली दोन पापुद्रे होतात आणि मग लाकडी काडीने खाचा कोरत बसायचं.

निघालेलं वॉफल ताटलीत ठेवू नका, स्वतःच्याच वाफेने खालून लिबलिबीत होईल. जाळीवर ठेवा. एकावर एक रचूही नका. सगळ्यांना एकदम बसायचं असेल तर अगदी मंद आचेवर तवा, त्यावर जाळी, जाळीवर वॉफल. खरं तर आमच्याकडे एकदम कुणी बसत नाही. जो उठेल तो यंत्राशेजारी ताटली घेऊन उभा राहतो. पाक खायच्या क्षणी घाला.

अंडं नको असेल तर

सोमवार, चतुर्थी, श्रावण, पाहुणे, कारणं पुष्कळ. अंडी वगळा, जवसाची पूड 20 ग्रॅम करा आणि ती 100 मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून वापरा. शिवाय एक लहान चमचा इसबगोल घाला. दोन्ही मिळून पीठ चांगलं धरतात. हे वॉफल अंड्याच्याइतकं फुलत नाही, हे मान्य करते, पण कुरकुरीत होतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं राहतं. यंत्रात मात्र एक मिनिट जास्त ठेवा.

बाकी बिघाडांबद्दल थोडक्यात. पहिलं वॉफल फिकट आणि वेडंवाकडं आलं तर मनावर घेऊ नका, पहिल्या डोशासारखंच ते यंत्राला वाहायचं असतं. दुसरंही फिकट असेल तर यंत्र नीट तापलेलं नाही, किंवा साखर कमी पडली. बाहेरून लाल आणि आतून पिठाळ असेल तर आच जास्त किंवा केळं मोठं. उचलताना भुगा होत असेल तर शिजवलेल्या पिठाची पायरी तुम्ही गाळली आहे, कबूल करा.

उरलं तर

सहाच्या जागी बारा करून ठेवा असं मी सांगेन, कारण आठवड्यातल्या सकाळी कुणाला वेळ असतो? पूर्ण गार झालेली वॉफल बटर पेपर मधे घालून डब्यात भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चांगली राहतात. गरम करताना पाव भाजायचा टोस्टर वापरू नका. त्याच्या तळाशी वर्षभराच्या पावाचा चुरा साठलेला असतो आणि इतक्या कष्टाने जपलेलं पीठ तिथे हरतं. तेच वॉफलचं यंत्र दोन मिनिटं तापवून त्यात ठेवा, किंवा लाल ठिपक्याच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.

शाळेच्या डब्यासाठी उभ्या पट्ट्या कापते आणि पाक लहान डबीत वेगळा देते. गेल्या आठवड्यात ती डबी रिकामी आली, पट्ट्याही संपलेल्या, आणि सोबत निरोप: सोमवारी चार जास्त दे, मैत्रिणींना पाहिजेत.